चाकाखालचं लिंबू

काल्हेरला आमच्या गोदामाशेजारच्या गाळ्यात एका काकांनी सुटे भाग मागवून दोन सीटचं विमान जोडलं. दसऱ्याला त्याच्या पंख्याला झेंडूचा हार घातला, नव्या गाडीला ठेवतात तसं चाकाखाली लिंबू ठेवलं आणि ते पट्टा बांधून आत बसले.

मी विचारलं, "काका, उडवणार कधी?"

"वर जागा मोप हाय. पन आधी खाली धावाया लागतं. तेवढी मोकली जमीन न्हाय राह्यली."

समोर नुसती गोदामंच होती. "ही जमीन कोणाची होती?"

"माजीच. ती इकल्याबिगर इमान कसा आला असता?"

काका रोज संध्याकाळी येतात, काच पुसतात, पट्टा बांधून थोडा वेळ बसतात आणि घरी जातात. आता पुन्हा दसरा आलाय. लिंबू चाकाखाली तसंच आहे, फक्त वाळलंय.