भूपालअण्णांचा फिकट जांभळा गुलाब

भूपालअण्णा मगदूम यांची पहिली भेट सांगलीच्या गुलाब प्रदर्शनात झाली. एका टपोऱ्या, फिकट जांभळ्या फुलापुढे उभे राहून मी शेजारच्या गृहस्थांना विचारले, "रंग वरून दिलाय का हो?" फूल त्यांचेच होते. ते रागावले नाहीत. पुढच्याच महिन्यात त्या गुलाबाचे कलम घेऊन ते कडेगावला माझ्या घरी आले.

अण्णा हळदीचे व्यापारी. पेढीवर जाण्याआधी ते बागेत असतात. घर जैन, त्यामुळे कळ्यांवर माव्याची कीड पडली तरी औषध मारत नाहीत, पाण्याच्या धारेने धुतात. मावा पुन्हा चढेल, असे मी एकदा सुचवून पाहिले. "चढू द्या की. आमी परत धुऊ," अण्णा म्हणाले. ते खरोखरच परत धुतात आणि पेढीवर उशिरा पोहोचतात.

मग कृष्णेचे पाणी त्यांच्या अंगणात आठवडाभर साचले आणि सगळी बाग कुजली. तो जांभळा गुलाब आता फक्त माझ्याकडे उरला होता. अण्णा फांदी मागायला आले.

माझे झाड पुरुषभर उंच झाले होते. बुडातून आलेला जोमदार फुटवा मी कौतुकाने वाढवला होता आणि वरची रोडावलेली फांदी बोटभर ठेवून छाटली होती. मी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवत असे, हेही इथे सांगितले पाहिजे.

अण्णांनी झाडाचे बूड निरखले. मग खाली बसले. "सर, ह्यो कलमाखालचा रानगुलाबाचा खुंट वाढवलाय तुमी. कलम उपाशी ऱ्हायलंय. पर त्या बोटभर फांदीवर एक डोळा जित्ता हाय." त्यांनी फुटवा मुळापासून काढला. पुढे दर रविवारी ते एसटीने येत राहिले. डोळा फुटला, फांदी धरली, तिचे डोळे सांगलीत दुसऱ्या खुंटांवर बसवून त्यांनी नवी कलमे केली. तो डोळा फुटला त्या दिवशी मला रडू आले होते.

आता प्रदर्शनात त्या फुलाखाली अण्णा पाटी लावतात: 'कडेगावच्या सरांनी जपलेले वाण'. लोक माझे अभिनंदन करतात आणि इतकी वर्षे मी ते मुकाट्याने घेत आलो. अण्णांच्या पंचाहत्तरीनिमित्त ते आज त्यांना परत करतो.

अण्णांना निरोगी शंभरी लाभो. माझ्या झाडाची छाटणी अजून तेच करतात. कात्री ते माझ्या हाती देत नाहीत, आणि त्यांचे बरोबरच आहे.