शेगडी कुठं पेटवायची

मी चाव्या करतो आणि माझ्या टपरीला लागूनच इस्त्रीवाल्या मावशींचं टेबल आहे. वयानं त्या माझ्याहून लहान, पण मागच्या उंच इमारतीतल्या सगळ्यांची मावशी, म्हणून माझीही. त्या मला भाऊ म्हणतात.

ही इमारत झाली, पलीकडे ऑफिसं आली, ऑफिसात जाणारे शर्ट आले आणि शर्टांमागोमाग मावशी आल्या. माझंही तसंच. माणसाकडे चार वस्तू आल्या की तो कुलूप घेतो, आणि कुलूप घेतलं की चावी हरवतो. तेव्हा या भरभराटीला उगाच नावं ठेवणाऱ्यांतला मी नाही. तिच्यावरच आमची चूल पेटते.

गेल्या थंडीत गेटवर हवा मोजणारा फलक लागला. आकडा रोज लाल. सकाळी बाहेर पडायला गाड्यांची रांग लागते, एकेका गाडीत एकेक माणूस. वीज गेली की मागचं जनरेटर धडधडायला लागतं, कारण लिफ्ट थांबून चालत नाही. पण फलक वाचून प्रत्येकाची नजर वळायची ती इस्त्रीचे कोळसे फुलवायच्या मावशींच्या शेगडीकडे. तिचा धूर डोळ्यांना दिसायचा ना! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

सोसायटीचे चेअरमन खाली आले. "मावशी, इथं कोळसा पेटवणं बंद. नाहीतर टेबल हलवा."

"विजेची इस्त्री घेते साहेब. वॉचमनच्या खोलीतून प्लग द्या, बिल भरीन."

"आज तुम्हाला दिला की उद्या सगळेच मागतील."

सगळे म्हणजे मी एकटा, आणि माझ्या कानशीला वीज लागत नाही. गेटजवळच्या झाडांना गुंडाळलेले दिवे मात्र भर दिवसा जळत होते. माझं डोकं सणकलं होतं, पण मी हातातली चावी घासत राहिलो.

टेबल गेलं तर घर कशावर चालणार, हा मावशींपुढचा प्रश्न. लेक दुसऱ्या शहरात कामाला, नात यांच्याजवळ. मावशींनी आपल्या परीनं तोड काढली. कोळसा धूर करतो तो पेटताना. एकदा फुलला की फारसा त्रास नसतो. तेव्हा पेटवायचा घरीच, निखारे राखेत झाकून पत्र्याच्या डब्यातून आणायचे आणि इथं नुसते इस्त्रीत भरायचे. गेटवर धुराची रेघ दिसेनाशी झाली. चेअरमन खूश. फलकावरचा आकडा काही हलला नाही, तर म्हणाले, वारा पडलाय.

मीही म्हणालो, "मावशी, डोकं चालवलंत!"

मग नात खोकायला लागली. आधी वाटलं थंडी बाधली. पुढं पुढं तर पोरगी उठून बसायची आणि श्वासासाठी खांदे उचलायची. मावशी तिला दवाखान्यात घेऊन गेल्या.

"घरात कोण बिडी ओढतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमच्यात नाही कुणी तसलं," मावशी फणकारल्या.

"मग चूल?"

"गॅस आहे."

"आणखी काही पेटवता?"

तेव्हा मावशींनी शेगडीचं सांगितलं. त्यांची खोली एकच, खिडकी समोरच्या भिंतीला टेकलेली. शेजाऱ्यांनी ओरडू नये म्हणून त्या दार लावून घेऊन कोळसा पेटवायच्या, आणि पोर तिथंच झोपलेली असायची. हे मला सांगताना त्या रडल्या. मी तरी कुठल्या तोंडानं समजूत घालणार?

दुसऱ्या दिवशी त्या शेगडी घेऊन आल्या, गेटसमोर मांडली आणि सगळ्यांदेखत काडी लावली. गाडीची काच खाली करून चेअरमन म्हणाले, "मावशी, आपलं ठरलं होतं ना?"

"ठरलं होतं साहेब. कपडे द्यायला वर येते तेव्हा ते हवा साफ करायचं यंत्र बघते मी. तुमच्या घरातला धूर यंत्र ओढतं. माझ्या घरातला नात ओढते."

मागचे हॉर्न वाजवत होते. चेअरमन वाईट माणूस नाही, त्यांचा चेहरा उतरला. पण प्लग देतो म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, "बरं, गेटपासून जरा लांब पेटवा." आणि काच वर गेली.

लांब म्हणजे कुठं? एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला मी. मावशींनी शेगडी ओढत ओढत माझ्या टपरीच्या तोंडाशी आणली. वारा माझ्याच बाजूचा होता. धूर आत भरला, डोळे चुरचुरले आणि मला असा ठसका लागला की हातातली कानस खाली ठेवावी लागली.

मावशी शेगडीला वारा घालायचा हातातला पंखा थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "भाऊ, त्रास होतो का?"

"होतो," मी म्हणालो. "पण घरी नेऊ नका."