दुखणं कधी वाढतं

मणक्यातली गादी सरकली, त्या दिवसांत मी व्यायामासाठी फिजिओथेरपीला जात होते. शेजारच्या पलंगावर शिंदेकाकू असायच्या. त्यांचंही दुखणं तेच, आणि घरही माझ्यासारखंच एकटीचं. एकदा डॉक्टरीणबाईंनी त्यांना विचारलं, “काकू, कंबर जास्त कधी दुखते? वाकल्यावर, की बसून राहिल्यावर?”

काकू छताकडे बघत म्हणाल्या, “संध्याकाळी. एकटीपुरता भात लावायचा असतो ना, तेव्हा.”

डॉक्टरीणबाईंनी शेकाची पिशवी काकूंच्या कमरेखाली सारखी केली आणि हात थोडा वेळ तिथेच राहू दिला.

मी पाय उचलायचा विसरले. इतके दिवस मी उशी बदलून पाहिली, खुर्ची बदलली, चक्क जमिनीवर झोपले. पण कुणाशी न बोलता गेलेला दिवसही कमरेत जाऊन बसतो, हे एमआरआयमध्ये कुठे दिसणार होतं?

निघताना मला कमरेचा पट्टा बांधता येईना. काकूंनी मागून येऊन तो ओढून बांधला. “घट्ट होतोय का गं?”

“नाही,” मी म्हटलं.

फारच घट्ट झाला होता. पण घरी आल्यावरही बराच वेळ मी तो सोडला नाही.