ओव्हनच्या पोटातलं कुंकू

दोन हजार सालाच्या आसपास आम्ही शारजात, अल नहदाच्या एका टॉवरमध्ये राहत होतो. स्वयंपाकघरात कुकिंग रेंज होती: वर चार बर्नर, खाली गॅसचा ओव्हन. त्या ओव्हनवर माझा फार जीव. त्या वर्षी दुबईतल्या एका मराठी कुटुंबानं दिवाळीसाठी माझ्याकडून नानकटाई मागवली होती. माझी पहिलीच ऑर्डर. तिकडे जाताना मी शाळेतली नोकरी सोडली आणि तेव्हापासून मी नुसतीच कुणाची तरी मिसेस होते. ही नानकटाई जमली असती तर माझं असं काहीतरी सुरू होणार होतं. बिघडली असती तर लोक म्हणाले असते, "घरचंच हो, चालायचंच." ते मला अजिबात चाललं नसतं.

तूप फेसून झालं, ट्रे भरले आणि ओव्हन पेटेना. दसऱ्याआधी त्याच ओव्हनमध्ये नमुन्याची नानकटाई झकास झाली होती. त्यानंतर तो लावलाच नव्हता. एरवी बटण दाबलं की ठिणगीची टकटक व्हायची, आता तीही नाही. काडी लावली तर ज्योत यायची, पण बटणावरचा अंगठा उचलला की गप्पकन विझायची.

"सिलिंडर संपला असणार," नवरा म्हणाला. तो काँट्रॅक्टिंग कंपनीत होता. तिथे काहीही अडलं की सप्लायरवर ढकलायची पद्धत.

"वर चहा उकळतोय, दिसत नाही?"

"मग ओव्हनच्या लाइनला प्रेशर नसेल. मला स्टेप बाय स्टेप चेक करू दे. यल्ला, चल, हो बाजूला."

मी बाजूला झाले, तोंड मात्र चालूच ठेवलं. सासूबाई तेव्हा व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे आल्या होत्या. त्या दारात स्टुलावर बसून मुकाट्यानं बघत होत्या. ऑर्डर आल्यापासून त्या एका शब्दानं काही बोलल्या नव्हत्या. सुनेनं लोकांसाठी भट्टी लावावी हे त्यांना रुचलेलं नाही, असं मी धरूनच चालले होते.

नवऱ्यानं सिलिंडर बंद केला, ओव्हनच्या तळाचा पत्रा उचलला आणि टॉर्च मारला. बर्नरच्या बाजूला दोन बारीक कांड्या होत्या. एक ठिणगी पाडणारी. दुसरी ज्योतीत तापत राहायची. ती गार पडली की गॅस आपोआप बंद. दोन्हींवर काहीतरी लालपिवळं वाळून बसलं होतं आणि तापणारी कांडी वाकून ज्योतीपासून लांब गेली होती.

"गंज चढलाय," म्हणत त्यानं खरवडलं. बोट पिवळं झालं. "ए, ही तर हळद आहे!"

आम्ही दोघांनी एकदमच दाराकडे पाहिलं.

"दसऱ्याला तुझ्या गाडीची पूजा केली ना? मग हिच्या भट्टीची नको?" सासूबाई म्हणाल्या. "दारावर लावलं असतं तर हिनं लगेच पुसलं असतं, हिला सगळं लख्ख लागतं. म्हणून तळाचा पत्रा उचलून, आत हात घालून, जिथे अग्नी पेटतो तिथेच ओलं हळदकुंकू लावलं. म्हटलं, हिच्या हाताला यश येऊ दे."

मला एकदम रडूच आलं.

नवरा जुना टूथब्रश हातात घेऊन आईकडे बघत थांबला होता.

"पूस रे," त्या म्हणाल्या. "देव काही तिथे अडकून बसत नाही."

त्यानं कांड्या घासल्या आणि आईचा हात लागून वाकलेली कांडी हलकेच जागेवर आणली. ओव्हनचं दार उघडं ठेवून आम्ही जरा वेळ थांबलो, मग सिलिंडर चालू केला. बटण दाबताच टकटक झाली, निळी ज्योत आली. त्यानं अंगठा उचलला, तरी ती राहिली. "खलास! झालं काम," म्हणून तो हात धुवायला गेला.

मी ट्रे आत सरकवले आणि देव्हाऱ्यातून कुंकवाचा करंडा आणला. ओलं बोट कुंकवात बुडवून ओव्हनच्या दारावर, हँडलच्या वर, ठसठशीत बोट उमटवलं.

"उद्या पुसशीलच तू," सासूबाई हसून म्हणाल्या.

नानकटाई जमली आणि ऑर्डरी येत राहिल्या. दिवाळीनंतर सासूबाई गावी परतल्या. पुढे कितीतरी वर्षं मी तो ओव्हन रोज लख्ख पुसत आले, तेवढी जागा सोडून.