धर्मशाळेचा रखवालदार

संस्थान विलीन झालं आणि वडिलांची बदली बुऱ्हाणपूरला झाली. सरकारी क्वार्टर रिकामं होईपर्यंत आम्ही बुधवाऱ्यातल्या धर्मशाळेत उतरलो. एका खोलीत तीन दिवसांहून जास्त राहायचं नाही, असा तिथला नियम होता आणि व्यवस्थापक कडक होते. म्हणून म्हातारा रखवालदार दर चौथ्या सकाळी आमची ट्रंक स्वतः उचलून शेजारच्या खोलीत नेऊन ठेवी.

एकदा नेमकी त्याच सकाळी आई तापाने फणफणली. तिला उठवेना. वडील त्याच्यापुढे हात जोडून उभे राहिले. त्याने खडू आणला, दोन्ही दारांवरचे आकडे पुसले आणि अदलाबदल करून लिहिले.

“बाईंना झोपू द्या, साहेब. आज खोलीच सरकवली,” तो म्हणाला.

क्वार्टर मिळायला पुढे महिना गेला. आम्ही निघालो तेव्हाही ते आकडे उलटेच होते.