माझा ‘उद्या’ चुकला

मंडळी, शिबिरावरून आत्ताच आले, आधी हे लिहिते.

काल संध्याकाळी मी आपल्या रेडिओवर सांगितलं, "उद्या सकाळी दहापासून सिंदी मेघेत कृत्रिम पायासाठी मोफत माप घेणार आहेत." शिबिर एका छोट्या संस्थेचं. माप घेणारे नागपूरहून येणार आणि दोन वाजता परत जाणार.

तोच कार्यक्रम आज सकाळी पुन्हा लागला. त्यातही माझा तोच ‘उद्या’! कार्यक्रम पुन्हा लागणार असेल तर तारीखच सांगायची, हा आमचा पहिला नियम. मीच विसरले.

साडेबाराला देवळीहून एका बाईंचा फोन आला. "ताई, बाबाले घेऊन सकाळी स्टँडवर गेलतो. टपरीवर तुमचा रेडिओ ऐकला अन् घरी वापस आलो. उद्या दहालेच येऊ ना?"

"उद्या नाही हो, आजच! आत्ता निघा!" लगेच लाइव्ह जाऊन चूक सांगितली आणि शिबिराकडे पळाले.

पावणेदोनला माप घेणारे पेटी आवरू लागले. मी दारातच उभी. दोनला पाच कमी असताना ऑटो आला. कुबड्या टेकत बाबा उतरले.

मी माफी मागितली, तर म्हणाले, "पोरीनं संस्थेची चिठ्ठी वाचली, त्यात आजचीच तारीख होती. म्याच म्हनलं, रेडिओवाली बाई खोटं काऊन सांगन?"

माप झालं. पण फोन न करता, माझ्यावर विश्वास ठेवून घरीच बसलेले किती असतील? तुमच्या ओळखीत कोणी असेल तर मला कळवा, त्यांची नावं मी संस्थेला देते. आजच. उद्या नको.