थेंबापासून दीड हात

आमच्या घरात पहिला इंजिनिअर मी झालो, तो आमच्या पनागर गावातल्या नलूबाईंमुळे. आठवीपासून त्यांनीच मला गणित शिकवलं.

जबलपूरच्या हँगरमध्ये एका प्रशिक्षण विमानाच्या पंखातली इंधनाची टाकी गळत होती. टाकी रिकामी करायची, सुकवायची, लेप लावायचा, भरून वाट पाहायची. थेंब दिसे तिथेच मी आतून दोनदा लेप लावला, आणि दोन्ही वेळा थेंब परत आला. शेवटी बाहेरून एक म्हातारा कारागीर बोलावला. त्याचं नाव विचारायचंही त्राण मला उरलं नव्हतं.

त्याने रिकाम्या टाकीत साबणाचं पाणी फासलं आणि थेंबाच्या जागी मला बाहेरून हवा सोडायला लावली. मग खांद्यापर्यंत हात आत घालून तो छोटा आरसा फिरवत राहिला. बुडबुडा निघाला तो थेंबाच्या जागेपासून दीड हात लांब.

"तेल सांध्यातून चालत येते, भैया. टपकून राहिलं तिथंच काहून शोधता?"

मग त्याने विचारलं, "हे आधीचे लेप कोनाचे?"

साहेब शेजारीच होते. नवी नोकरी. मी हवेची नळी गुंडाळायला लागलो. त्याने माझ्या नखांतला लेप पाहिला, आपले हात पुसले आणि तेच फडकं माझ्या हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मी पत्र टाकलं:

"बाई, उत्तर चुकलं की तुम्ही वरच्या ओळी तपासायला लावायच्या. इथे मी शेवटचीच ओळ खोडत बसलो. ते लेप माझे, हे आज साहेबांना सांगितलं. ते अजून काही बोललेले नाहीत. आईला तूर्त कळवू नका."